जबाबदार धंदा, सीएसआर, सस्टेनेबिलिटी: खान्देशातल्या छोट्या उद्योगवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दालमिल, जिनिंग, चटई, पाइप, केळीचं पॅकहाऊस असले धंदे करणारी मंडळी सीएसआर (कंपनीने समाजासाठी करायचा खर्च), ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार यांचा हिशोब), सस्टेनेबिलिटी (उद्याही टिकेल असा धंदा), ग्रीन असे शब्द कानावर पडले की जे जे विचारतात ते इथे एका जागी ठेवलंय. मी अशा युनिटांची कागदपत्रं आणि हिशोब बघतो, त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूने आलीत. पहिल्यापासून वाचायलाच पाहिजे असं काही नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

हे सगळं म्हणजे नेमकं काय? दानधर्म तर आपण करतोच की.

करता, त्यात वादच नाही. सप्त्याला तेलाचे डबे, गणपतीला वर्गणी, शाळेला बाकं आणि बाकांवर वडिलांचं नाव, आपल्याकडे याला कोणी मागे हटत नाही. पण हे सगळं नफा खिशात पडल्यावरचं झालं. इथे प्रश्न वेगळा आहे, तो नफा होत असताना काय काय झालं? हमालाचा हिशोब आठवड्याच्या आठवड्याला झाला का, शेतकऱ्याचा माल काट्यावर बरोबर मोजला का, धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात सोडलं का, मशीनच्या पट्ट्याला जाळी आहे का, ती जाळी काढून ठेवली असेल तर कोणी काढली आणि का काढली. सप्त्याला तेल दिलं आणि मजुरांचा दिवाळीचा बोनस संक्रांतीपर्यंत लोंबकळत ठेवला तर पावती फाडून काय उपयोग. आधी देणी, मग देणगी, माझं तरी मत हेच आहे आणि पुढची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघालीत.

हाऊ सीएसआरना कायदा आम्हले लागू शे का भो?

बहुतेकांना नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं, त्यात तीन आकडे आहेत. मागच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी किंवा जास्त, नाहीतर टर्नओव्हर १००० कोटी किंवा जास्त, नाहीतर निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त. यातलं एक जरी लागलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावाच लागतो. प्रोप्रायटरशिप, पार्टनरशिप, एलएलपी यांना हे कलम लागत नाही.

आपल्याकडचे अडकतात ते पाच कोटीच्या आकड्यात. टर्नओव्हर हजार कोटी कोणाचा नसतो, पण भाव चांगला लागला की एखाद्या वर्षी प्रायव्हेट लिमिटेडचा नफा पाच कोटीच्या वर जातो आणि शेठला ते सीए सांगतो तेव्हाच कळतं. रक्कम वर्षाला ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी कमिटी लागत नाही, बोर्डानेच ठरवायचं. खर्च झाला नाही तर चालू प्रोजेक्टचे पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि तीन वर्षांत संपवायचे, प्रोजेक्टच नसेल तर सहा महिन्यांत परिशिष्ट ७ मधल्या एखाद्या निधीत भरायचे. तेही नाही केलं तर दंड आहे, रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी यातलं जे कमी असेल ते.

मंदिराचा सभामंडप, स्टाफची सहल, साहेबांच्या पक्षाचा कार्यक्रम, यातलं काय चालतं?

यातलं काहीच नाही. करायला कोणी अडवत नाही, पण सीएसआरमधे धरता येत नाही. फक्त आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च धरत नाहीत, राजकीय पक्षाला दिलेले पैसे धरत नाहीत, आपल्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असलेलं कामही धरत नाहीत.

आम्ही तर लहान, लागूच नाही. मग विषय संपला ना?

तुमच्यासाठी खरा विषय इथून सुरू होतो. शेअर बाजारातल्या मार्केट कॅपने पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने बीआरएसआर नावाचा, जबाबदार धंद्याचा आणि सस्टेनेबिलिटीचा रिपोर्ट २०२२-२३ पासून सक्तीचा केला. त्यात त्यांना वीज, पाणी, कचरा, कामगार, अपघात, सगळं लिहावं लागतं, आणि त्यांचा माल तर तुमच्या-आमच्यासारख्यांकडूनच जातो. मग एक दिवस मुंबईच्या किंवा पुण्याच्या परचेसवाल्याचा मेल येतो, सोबत लांबलचक एक्सेल, आणि खाली ओळ की सात दिवसांत भरून पाठवा. एक्सपोर्टचा कापूस किंवा सूत असेल तर बाहेरचा खरेदीदारही असंच विचारतो.

इथे लोक काय करतात, सगळ्या रकान्यांत हो, हो, हो टाकून मोकळे होतात. हे धोक्याचं आहे कारण त्याखाली तुमची सही असते आणि उद्या कोणी ऑडिटला आला तर पहिल्यांदा तोच कागद काढतो. जे नाही ते नाही लिहा आणि शेजारी कधीपर्यंत करणार ते लिहा, परचेसवाले त्यावरून ऑर्डर तोडत नाहीत, निदान मी ज्यांची कामं बघतो त्यांची तरी तोडली नाही. भरायला लागणारे आकडे बहुतेक तुमच्याकडे आधीच पडलेले असतात, महावितरणची बारा बिलं, डिझेलच्या पावत्या, टँकरची वही, भंगारवाल्याला काय काय दिलं त्याच्या चिठ्ठ्या, हजेरीपत्रक. फक्त ते शेठच्या ड्रॉवरमधे, मुनीमजींच्या डायरीत आणि सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर असं तीन ठिकाणी विखुरलेलं असतं.

सुरुवात कुठून करू? कन्सल्टंट ठेवू का?

आधी ठेवू नका. एक दोनशेपानी वही घ्या आणि महिन्याला एक पान, वीज किती युनिट, पाणी किती, डिझेल किती लिटर, कचरा काय निघाला आणि कुठे गेला, कोणाला लागलं-कापलं का. तीन महिने एवढंच. आकडे समोर आले की तुमचं तुम्हालाच दिसायला लागतं, त्यासाठी कोणाला फी द्यायची गरज नाही.

दुसरं, जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद असतात तेव्हा शेडमधून एक चक्कर मारा, फक्त काँप्रेसर चालू ठेवा. कुठेतरी सूं सूं आवाज येतो. तो हवेचा लीक असतो, पाइपच्या जोडाला सुतळी गुंडाळलेली असते किंवा नळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला असतो, आणि तिथून हवा जातेय म्हणजे वीज जातेय. असे लीक सुट्टीच्या दिवशी फिटरला बोलावून बंद करून घेतले की बिलात फरक पडतो. मग पॉवर फॅक्टर बघा, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला लागते ते, बिलावर तो आकडा छापलेलाच असतो पण वाचतं कोण. तो आकडा सुधारणारा कपॅसिटर उडालेला असतो आणि महिनोन् महिने जास्तीचं बिल भरलं जातं. यात पर्यावरणाचं भाषण कुठेच नाही बघा, आणि तरी सस्टेनेबिलिटी म्हणतात ती हीच.

छपरावर सोलर टाकलं म्हणजे झालं ना?

सोलर चांगलंच आहे, खान्देशात उन्हाला तोटा नाही, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महाजनकोचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प कधीचा उभा आहे आणि तिकडेच ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लांबूनसुद्धा दिसते. फक्त आधी लीक बंद करा आणि मग किती किलोवॅट पाहिजे ते काढा, नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनल विकत घेतल्यासारखं होतं. नेट मीटरिंगचा (जास्तीची सोलर वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करायचा) अर्ज, शेडच्या पत्र्याची ताकद आणि पॅनल धुवायला पाणी कुठून आणणार या तीन गोष्टी विक्रेत्याला आधीच विचारा. जिनिंगच्या आसपास पॅनलवर कापसाचा भुरका बसतो, तो नुसत्या फडक्याने निघत नाही.

आमच्याकडे वेस्ट भरपूर निघतं, त्याचा धंदा होईल का?

होतो, आणि हा आपल्याकडचा जुना धडा आहे. अमळनेरला १९४५ मधे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी सुरू झाली, वनस्पती तुपाची, आणि तेलाच्या कामातून मागे राहणाऱ्या मालातून तिथे कपड्याचा ७८७ साबण निघायचा. पुढे तिचीच विप्रो झाली. तेव्हा कोणी त्याला सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे वाया जाणारं परत वापरात आणणं, असं म्हटलं नव्हतं, वाया कशाला घालवायचं एवढाच हिशोब.

दालमिलवाल्यांचं तर आजही तेच, चुनी आणि टरफल ढोरांच्या खाद्याला जातं, कणसुद्धा फेकत नाहीत. केळीचं मात्र अजून जमलेलं नाही. रावेर, यावल, चोपड्याकडे घड कापला की खोड बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला पडतं, तिथेच सडतं, डास होतात, पावसात नाल्यात जातं. खोडाचा धागा निघतो, त्याच्या पिशव्या, चटया, कागद होतो, मधल्या गाभ्याचं आणि पाण्याचंही काही ना काही होतं, नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या पाण्यापासून द्रवरूप खत काढलंय. पण उत्साहाने मशीन घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, खोडात जवळजवळ सगळं पाणीच असतं. ते ट्रॅक्टरने वीस किलोमीटर ओढून एमआयडीसीत आणलं तर तुम्ही पाणी वाहून आणताय, धागा नाही. त्यामुळे धागा काढायचं मशीन शेताजवळ पाहिजे, कापणीनंतर लगेच चाललं पाहिजे आणि राहिलेला चोथा तिथेच गांडूळखतात गेला पाहिजे. आणि सगळ्यात आधी धागा घेणारा गिऱ्हाईक पाहिजे. गिऱ्हाईक न बघता मशीन घेतलेले लोक मी बघितलेत, मशीन आता ताडपत्रीखाली आहे.

कपाशीच्या पऱ्हाट्यांचं, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या झाडांचं, गणित त्यापेक्षा सोपं आहे. त्या वाळलेल्या असतात, त्यांचा भुसा दाबून ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या विटा, होतात आणि बॉयलरला चालतात. वर शेतकऱ्याचाही फायदा, कारण फरदड (हंगाम संपल्यावरही ठेवलेलं कपाशीचं पीक) घेत बसलं आणि पऱ्हाट्या शेतात उभ्या राहिल्या की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत तगायला जागा मिळते. वेळेत काढून नेणारा कोणी असेल तर शेतकरी स्वतःच फोन करतो.

आम्ही रिसायकल प्लास्टिकच्या चटया करतो, म्हणजे आपण ग्रीनच की?

अर्धे. जळगावच्या चटईने किती प्लास्टिक उकिरड्यावर जाण्यापासून वाचवलं ते कोणी मोजलं नाही, पण काम मोठं आहे यात शंका नाही. आता दुसरं अर्धं बघा. भंगार धुतलेलं पाणी कुठे जातं? मशीन तापल्यावर धूर निघतो तो ऑपरेटरच्या तोंडावर जातो की पंख्याने बाहेर? कामाला न येणारा माल रात्री मागे पेटवतात का? हा शेवटचा प्रश्न विचारला की शेठ वॉचमनकडे बघतात.

पॅकेजिंगचं प्लास्टिक रिसायकल करत असाल तर ईपीआरची, म्हणजे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यानेच ते परत गोळा करायच्या नियमाची, नोंदणी बघून घ्या. तो नियम २०२२ मधे आला, त्यात रिसायकल करणाऱ्याला सर्टिफिकेट मिळतं आणि ज्या कंपन्यांवर प्लास्टिक परत गोळा करायची जबाबदारी आहे त्या ते विकत घेतात. म्हणजे नियम पाळण्याचे पैसे मिळतात, असे नियम कमीच असतात.

बोअर आपला, जागा आपली. पाण्याचा हिशोब कशाला द्यायचा?

कारण खालचं पाणी तुमच्या सातबाऱ्यावर नाही. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशात गणले जातात, तिकडच्या कोणत्याही केळीवाल्याला विचारा, वडिलांच्या वेळी विहिरीला पाणी किती फुटांवर होतं आणि आता बोअर किती खाली गेलाय. मधे ठिबक आलं, आणि ठिबक जळगावातूनच देशभर गेलं याचा अभिमान आहेच, पण वाचलेल्या पाण्यावर आपण अजून एकरभर केळी लावली. एकराला लागणारं पाणी कमी झालं, जमिनीतून निघणारं झालं नाही. कारखान्याचंही असंच होतं, रिसायकलिंग बसवतात आणि मग तेवढ्याच पाण्यात दुसरी लाइन टाकतात.

शिरपूर पॅटर्न तुम्ही ऐकलाच असेल. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर आणि तेव्हाचे आमदार अमरीश पटेल यांच्या पुढाकाराने शिरपूर तालुक्यात नाले खोल आणि रुंद करून ओळीने सिमेंटचे बंधारे बांधले, पाणी अडवलं आणि जिरवलं. त्या तालुक्यात एका बाजूला तापीकाठचा गाळाचा थर आणि दुसरीकडे काळा खडक, दोन्हीकडे पाणी मुरायची पद्धत वेगळी, हे समजून ते काम झालं. नंतर सगळीकडे जेसीबी लावून नाले उकरायची फॅशन आली, भूजलातल्या माणसांनी त्यावर टीकाही केली कारण प्रत्येक नाल्याखाली शिरपूरचा थर नसतो. तुमच्या गावात सीएसआरमधून नाला खोलीकरण करायचं ठरलं तर आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांना जागेवर न्या, जेसीबीवाल्याला नंतर.

कारखान्यात काय करायचं ते सोपं आहे, बोअरला मीटर बसवा. पाचशे-हजार रुपयांची नळीची तोटी बदलायला जो माणूस वर्ष लावतो तो मीटर बघितल्यावर आठवड्यात बदलतो. छपराचं पाणी गाळून त्याच बोअरमधे सोडा, पत्र्यावर तेल-रसायनाची धूळ बसत असेल तर मात्र सोडू नका.

पेमेंट उशिरा देणं हे सस्टेनेबिलिटीत कसं काय आलं?

माझ्या मते पहिल्या नंबरवर आलं पाहिजे. भुसावळच्या उन्हात लावलेली शंभर झाडं एकीकडे आणि लहान सप्लायरचे चार महिने अडकवलेले पैसे एकीकडे. तो माणूस ते पैसे टक्केवारीने बाजारातून उचलतो, मग कारागिराचा पगार थकवतो, मग कारागीर दुकानदाराचा किराणा थकवतो. तुमच्या एका लांबवलेल्या चेकचा त्रास खालपर्यंत झिरपत जातो.

कायदाही आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरात तरतूद आली की असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजाच मिळत नाही, तेव्हापासून मार्चअखेरीला शेठ लोक स्वतः फोन करून विचारतात की भाऊ तुझं उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) रजिस्ट्रेशन आहे का. ही आयकरातली तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या व्यापाऱ्याला तिचा फायदा नाही.

आणि शेतकरी? तो तर यात कुठेच नाही. केळीचा व्यापारी बागेत येतो, कापणीवाल्यांची टोळी घेऊन येतो, बोर्डाचा (जाहीर झालेला) भाव सांगतो, वजनात कटती, म्हणजे कपात, लावतो, गाडी भरतो आणि म्हणतो पैसे पुढच्या गाडीला. पुढच्या गाडीला भाव पडलेला असतो. केळी ठेवता येत नाही, म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही, सगळा खेळ तिथे आहे. तुम्ही पॅकहाऊस किंवा चिप्सचं युनिट चालवत असाल आणि खरंच काही वेगळं करायचं असेल तर कटतीचा नियम मराठीत लिहून काट्याशेजारी लावा आणि पैसे ठरलेल्या दिवशी खात्यात टाका. हे केलेल्यांना टंचाईच्या दिवसांतही माल मिळतो, इतर जण तेव्हा वीस गावं फिरत असतात.

मजुरांच्या बाबतीत कमीत कमी काय पाहिजे?

कायद्यातलं आधी, दहा माणसं झाली की ईएसआयचं (कामगार विम्याचं) बघा, वीस झाली की पीएफ. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. भिंतीवर नुसता कागद चिकटवू नका, समितीतल्या बाईंचा मोबाईल नंबर तिथे चालू असला पाहिजे.

आता आपल्याकडचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आपण दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमधे एक्स्ट्रूडरसमोर माणूस उभा करतो. पाळी पहाटे पाचला सुरू करून दुपारी एकला सोडली तर उत्पादन पडत नाही, उलट दुपारी होणारे रिजेक्ट कमी होतात. माठात पाणी पाहिजे आणि ते प्यायला जायला कोणाला विचारावं लागू नये. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर बाया दिवसभर देठ खुडत बसतात, हाताची आग रात्री भाकरी थापतानाही जात नाही, डोळ्यांत ठसका वेगळा. हातमोजे आणि तोंडाला चांगलं फडकं याचा खर्च किलोमागे काढून बघा, किलोला काही पैसेसुद्धा येत नाही. बायांना हातमोजे घालून वेग येत नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून दोन-तीन प्रकारचे आणून त्यांनाच निवडू द्या.

अन् उचल. अक्कलकुवा, धडगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात ती आधी घेतलेल्या उचलीवर. तुमच्याकडेही मुकादम असाच माणसं आणत असेल तर मजुराच्या नावाने किती उचल लिहिली आहे ते मजुराला स्वतः विचारा, मुकादमाच्या वहीवर जाऊ नका.

पाकिटावर ‘नैसर्गिक’, ‘इको फ्रेंडली’ छापलं तर काय होतं?

पुरावा असेल तर काही नाही. ऑक्टोबर २०२४ मधे केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगबद्दल (पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांबद्दल) मार्गदर्शक सूचना काढल्या, म्हणजे पर्यावरणाचा दावा केला तर तो कशाच्या जोरावर ते सांगता आलं पाहिजे. ‘ऑरगॅनिक’चं त्याहून कडक आहे, एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारी पद्धतींपैकी एकाचं सर्टिफिकेट आणि जैविक भारतचा लोगो लागतो. वर्षाला १२ लाखांपर्यंत विक्री असलेल्या लहान उत्पादकाने थेट ग्राहकाला विकलं तर त्याला सर्टिफिकेटची सूट आहे.

केळी, आंबा पिकवणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ, कार्बाइडवर बंदी आहे, इथिलीन गॅसला परवानगी आहे, तीही १०० पीपीएमपर्यंत. कार्बाइडची पुडी फळांत ठेवून वर ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेले’चं स्टिकर लावणारे आहेत, त्यांच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

जीआय टॅग (अमुक भागाचा खास माल अशी सरकारी नोंद) आपल्या केळीला आहे, मग मी छापू शकतो ना?

जळगावच्या केळीला, भरिताच्या वांग्याला आणि नवापूरच्या तूरडाळीलाही जीआय आहे. पण तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी केल्याशिवाय छापता येत नाही. नोंदणी करा, अवघड नाही.

कार्बन क्रेडिटवाला (हवेतला कार्बन कमी केल्याच्या बदल्यात पैसे देतो म्हणणारा) आलाय, एकराला पैसे मिळतील म्हणतो, आधी नोंदणी फी मागतो.

फी देऊ नका. खऱ्या प्रकल्पात शेतकऱ्याकडून आधी पैसे घेत नाहीत, मोजमाप होतं, तपासणी होते, त्याला वर्षं लागतात आणि एकराला येणारी रक्कम ऐकून तुम्ही चहा गार कराल. सरकारची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम २०२३ मधे जाहीर झाली हे खरं, पण ती मुख्यतः मोठ्या, जास्त ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांभोवती आहे. तसंच युरोपच्या सीबीएएम कराची (बाहेरून येणाऱ्या मालाच्या कार्बनवर लावलेल्या) भीती घालतात, तो लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज आणि हायड्रोजन यांच्यावर आहे. कापसाच्या गाठीचा त्यात समावेश नाही.

आमची गावातली संस्था आहे, कंपन्यांचा सीएसआर कसा मिळेल?

आयकरातली १२ए आणि ८०जी नोंदणी घ्या, मग सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्या, १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी पैसे देऊच शकत नाही, आणि तीन वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड दाखवा. कायद्यात कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं आहे, म्हणून कारखाने जिथे जास्त तिथे पैसा जास्त, पुणे-मुंबईकडे. नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या (सरकारने मागास म्हणून खास लक्ष द्यायला निवडलेल्या) यादीत आहे, ते प्रपोजलमधे पहिल्याच पानावर लिहा.

वृक्षारोपण घेऊन जात असाल तर किती लावली ते सांगू नका, तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली ते सांगा. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या. चैत्राम पवार आणि गावाने नवीन झाडं लावण्यापेक्षा असलेलं जंगल तोडायचं थांबवलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नियम मोडला तर दंड, आणि त्या जंगलातून पुन्हा पाणी आणि रानभाज्या आल्या. २०२५ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे फोटोच्या बोर्डापेक्षा राखणदाराच्या मानधनावर खर्च झालेला दिसेल, कंपन्यांना नेमकं उलटं आवडतं, ते तुम्ही समजावून सांगा.

पूर्वीचे शेठ काय कायद्याने द्यायचे का?

नाही, आणि काही मोठं देऊन गेले. अमळनेरचे प्रताप शेठ मिलचे मालक, त्यांनी १९१६ मधे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, शिक्षणसंस्थांना पैसा दिला. त्याच गावात सुरू झालेल्या विप्रोचे शेअर तिथल्या कितीतरी घरांत जुन्या काळापासून पडून आहेत आणि त्यावर लेकरांची शिक्षणं, लग्नं झाली, तर अझीम प्रेमजींनी २०१९ मधे अजून ३४ टक्के शेअरचा लाभ समाजकामासाठी दिला. मला यातली शेअरची गोष्ट जास्त भावते. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, शेअर म्हणजे गावाचा वाटा झाला. शेतकरी उत्पादक कंपनी काढताना तोच विचार असतो, फक्त तिच्या मीटिंगला लोक आले पाहिजेत, नाहीतर अध्यक्ष आणि त्यांचे साडू एवढीच कंपनी राहते.

सर्टिफिकेट कोणतं घेऊ?

लहान युनिटने झेड, म्हणजे सरकारच्या ‘झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट’ सर्टिफिकेटपासून सुरुवात करावी, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असं आहे, फीवर सूक्ष्मला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सबसिडी, महिलांच्या मालकीच्या उद्योगाला पूर्ण माफ. ऑरगॅनिक कापसाचं काम असेल आणि खरेदीदाराने मागितलं तर जीओटीएस, म्हणजे ऑरगॅनिक कापडाचं जागतिक सर्टिफिकेट. मागितल्याशिवाय महागडी सर्टिफिकेटं भिंतीला लावू नका.

मुलगा एमबीए करून आला, म्हणतो आपला सस्टेनेबिलिटी रिपोर्ट काढू, वेबसाइटवर टाकू.

काढू द्या. अट एकच घाला, रिपोर्टमधे टाकणार तो प्रत्येक आकडा त्याने स्वतः शेडमधे जाऊन आणायचा. महिनाभरात एकतर रिपोर्ट छोटा होईल नाहीतर शेड सुधारेल, दोन्हीत फायदा तुमचाच.

परवानग्यांचं कुठे विचारू? ऑफिसात गेलं की फेऱ्याच मारायला लावतात.

उद्योगाचं जिल्हा उद्योग केंद्रात, प्रदूषणाचं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात. आपला उद्योग प्रदूषणाच्या प्रमाणात रेड, ऑरेंज, ग्रीन की व्हाइट त्या यादीत आधी ऑनलाइन बघून जा, व्हाइटला कन्सेंट (मंडळाची संमती) लागत नाही, फक्त कळवायचं असतं, बाकीच्यांना युनिट उभारायच्या आधी एक आणि चालू करायच्या आधी दुसरी कन्सेंट लागते. तोंडी उत्तरावर परत येऊ नका, अर्ज द्या, इनवर्डचा शिक्का असलेली प्रत घ्या आणि जाताना उद्यम, जागेचा उतारा, वीजबिल आणि प्रक्रियेचा एक पानी तक्ता, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा, कारण ऑफिसच्या बाहेरचं झेरॉक्सचं दुकान नेमकं त्याच दिवशी लाइट गेल्यामुळे बंद असतं.